गाव पेटले असता गाणे

शुक्रवार, १ सप्टेंबर २०२३. महिन्याचा पहिला शुक्रवार असल्याने येशूच्या पवित्र हृदयाची मिस्सा नुकतीच आटोपली होती. आठ तारखेला पवित्र मरियामातेचा जन्मोत्सव. त्यासाठी भजनी मंडळाची तालीम व्हावयाची होती. सतरंजी अंथरली गेली, पेटीचा भाता उघडला, तबलजीने हातोडी हाती घेऊन तबला सुरात लावावयास आरंभ केला. इतक्यात महाविद्यालयात शिकणारा आमच्या धर्मग्रामातील एक तरुण हातातील मोबाईल उंचावून दारातूनच म्हणाला, "फादर, तिकडं अंतरवालीत लाठ्या चालल्यात, माणसं रक्तबंबाळ झालीत, अन् आपण इथं पेटी वाजवीत बसायचं का?"

अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटी येथे मराठा आरक्षणासाठी श्री. मनोज जरांगे यांचे उपोषण २९ ऑगस्टपासून चालू होते. त्या दिवशी तेथे लाठीमार झाला, दगडफेक झाली, आंदोलक व पोलीस दोन्हीकडची माणसे जखमी झाली. आपल्या जिल्ह्यातील एका लहानशा खेड्याचे नाव एका रात्रीत साऱ्या महाराष्ट्राच्या तोंडी गेले. आमच्या सतरंजीवर त्या संध्याकाळी कोणी गायले नाही. आम्ही त्या तरुणाला काहीही उत्तर दिले नाही, कारण उत्तर आमच्यापाशी नव्हते. तो प्रश्न मात्र तेव्हापासून आमच्याबरोबर राहावयास आला आहे, आणि तोच आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

त्याआधी त्याच रात्रीची एक हकीकत सांगितली पाहिजे. ती सांगणे आम्हांस सुखाचे नाही; परंतु ती वगळून या विषयावर लिहिण्याचा आम्हांस अधिकार पोहोचत नाही.

आम्हांला मातीच्या आकृती घडविण्याचा छंद आहे. नाताळच्या गव्हाणीसाठी लागणारे मेंढपाळ, मेंढ्या, तीन राजे हे सारे आम्ही पावसाळ्यापासून हळूहळू करीत असतो. माती कुंभाराकडची, कोरण्या बांबूच्या, आणि कारागिरी बेताचीच. त्या रात्री मन अस्वस्थ होते म्हणून आम्ही माती घेऊन बसलो. नऊच्या सुमारास दूरध्वनी वाजला. शेजारच्या खेड्यातील आमच्या एका वृद्ध भगिनीचा होता. "फादर, शेजारणीचं पोरगं सकाळीच अंतरवालीला गेलंय, आजून आलं न्हाई. फोन लागंना. ती माऊली रडून रडून बेजार झाली. तुम्ही या हो जरा." आम्ही म्हणालो, "रस्ते बंद आहेत, बाई. सकाळी नक्की येतो."

रस्ते बंद होते हे खरे. पण ते मोठे रस्ते. त्या खेड्याची वाट शेतांतून जाते आणि ती आमच्या पायाखालची आहे. खरे कारण असे की आमचे हात मातीने भरलेले होते, आकृती ऐन रंगात आली होती, आणि ती ओली टाकून उठणे जिवावर आले होते. सकाळी गेलो. मुलगा पहाटे परतला होता; दंडावर वळ होता, हात सुजला होता, पण जिवावरचे काही नव्हते. त्याच्या आईने आम्हांस चहा दिला. तक्रार केली नाही. एवढेच म्हणाली, "रात लई मोठी होती, फादर."

त्या रात्री आम्ही जी आकृती घडवीत होतो ती मेंढपाळाची होती. रात्रीच्या वेळी वार्ता कानी पडताच जो कळप तसाच सोडून तातडीने निघाला, तोच शुभवर्तमानातील मेंढपाळ. हे आमच्या ध्यानी आले ते परतीच्या वाटेवर.

आता प्रश्नाकडे वळू. भोवताली सार्वजनिक जीवनात वादळ उठले असताना माणसाने गावे, चित्र काढावे, गोधडीवर नक्षी भरावी, बाग फुलवावी, हे नीतीला धरून आहे काय? याची दोन सोपी उत्तरे आपल्या घरोघरी ऐकू येतात. पहिले उत्तर असे की हा निव्वळ आपमतलबीपणा आहे. दुसरे असे की राजकारण हा चिखल आहे, सज्जनाने आपले काम आणि आपला छंद बरा म्हणावा. आमच्या मते दोन्ही उत्तरे उणी आहेत.

पहिले उत्तर देणारे लगेच नीरोचा दाखला देतात. रोम जळत होते आणि नीरो फिडल वाजवीत होता! इ. स. ६४ च्या त्या आगीशी आपला ख्रिस्ती म्हणून निकटचा संबंध आहे, कारण तिचे खापर नीरोने आपल्याच पूर्वसूरींच्या माथी फोडले. खरे पाहता फिडल हे वाद्य त्या काळी अस्तित्वातच नव्हते. इतिहासकार टॅसिटस एवढेच सांगतो की, नगर जळत असता सम्राट ट्रॉयच्या विनाशाचे गीत गात होता अशी अफवा पसरली होती. पण अफवा खरी धरून चालू. मग नीरोचा अपराध कोणता? गाणे हा नव्हे. त्याच रात्री रोममधील एखाद्या आईने धुराने घाबरलेल्या लेकराला अंगाई गाऊन निजविले असेल. तिला कोणी दोष देईल काय? नीरो राज्यकर्ता होता, आग विझविण्याचे बळ व कर्तव्य त्याच्याकडे होते, म्हणून त्याचे गाणे हा गुन्हा ठरतो. याचा अर्थ असा की या बाबतीतील कर्तव्य सर्वांचे सारखे नसते. आपल्या हाती काय करण्याजोगे आहे आणि दुःख आपल्या किती जवळ आहे, या दोन मापांनी ते मोजावे लागते. मुंबईतील मंत्रालयात जे घडत होते ते आमच्या हाती नव्हते. शेतवाटेने जाऊन त्या माऊलीशेजारी बसणे मात्र आमच्या हाती होते.

पवित्र शास्त्रात या प्रश्नाला संदेष्टा आमोस थेट भिडतो. तकोवाचा हा गुरे राखणारा माणूस उत्तरेकडील राज्यात जाऊन तेथील सुखवस्तूंना खडसावतो. हस्तिदंती पलंगांवर लोळणारे, वीणेच्या साथीने गाणी रचणारे आणि उंची द्राक्षारस पिणारे ते लोक. हे वाचताना प्रथम वाटते की आमोसाचा राग वीणेवर आहे. परंतु अध्याय पुढे वाचावा. योसेफाच्या घराण्याचा नाश होत असता यांना त्याचे दुःख नाही, हा त्याचा आरोप आहे. गाण्यामुळे काळीज बधिर झाले असेल तर ते गाणे पाप. काळीज जागे असेल तर तेच गाणे प्रार्थना होऊ शकते. दाविदाच्या हातीही वीणाच होती.

हस्तिदंताची गोष्ट निघाली म्हणून आठवण होते ती भोकरदनची. आपल्याच जिल्ह्यातील हे गाव म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांची व भारहूत येथील स्तूपांना दान देणाऱ्यांच्या शिलालेखांत त्याचे नाव आढळते. तेथील उत्खननात एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली. तिच्याशी मिळतीजुळती मूर्ती इटलीतील पाँपेई नगरात १९३८ साली सापडली, इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली ते नगर गाडले गेले होते. पाँपेईची मूर्ती भोकरदनच्याच कारागिरांनी घडविली असावी असा तर्क अभ्यासकांनी केला आहे. त्या शतकात दख्खनेत सातवाहन आणि क्षत्रप एकमेकांशी झुंजत होते. त्यांच्या लढायांचे तपशील शोधण्यासाठी आज नाणी आणि शिलालेख चाळावे लागतात. त्या अनामिक हाताची कोरणी मात्र सरळ आपल्याशी बोलते. छंद व कला यांची बाजू मांडावयाची तर याहून चांगला साक्षीदार आम्हांस माहीत नाही. तरीही एक शंका उरते. त्या कारागिराच्या दारावर एखाद्या रात्री कोणी थाप मारली असेल, तेव्हा तो उठला असेल काय? मूर्ती हे सांगत नाही. मूर्ती सुंदर असणे आणि मूर्तिकार चांगला शेजारी असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि परमेश्वर आपणांस दुसरीबद्दल अधिक विचारणार आहे.

सेमिनरीत असताना नीतिशास्त्राच्या तासाला संत थॉमस अक्वायनस यांचे खेळ व विरंगुळा यांविषयीचे विवेचन आम्ही शिकलो होतो. एवढ्या मोठ्या ग्रंथात, एवढ्या गंभीर संताने थट्टामस्करी आणि खेळ यांसाठी जागा राखून ठेवावी याचे तेव्हा आम्हा विद्यार्थ्यांना हसू आले होते. संत योहानाविषयीची एक जुनी आख्यायिका ते तेथे सांगतात. योहान शिष्यांसमवेत खेळत असलेला पाहून काही लोकांना नवल वाटले. त्यांच्यापैकी एकापाशी धनुष्य होते. योहानाने त्याला बाण मारावयास सांगितले, पुन्हा पुन्हा सांगितले आणि मग विचारले, हे असेच अखंड चालू ठेवशील काय? तो म्हणाला, मग धनुष्य मोडून जाईल. मनाचेही तसेच, असे योहानाने त्यांना समजावले. थॉमस तर असे म्हणतात की ज्याला विरंगुळा म्हणून ठाऊकच नाही आणि जो इतरांच्या आनंदावरही विरजण घालतो, तोही दोषीच. मात्र ते तीन अटी घालतात. विरंगुळा अशोभनीय नसावा, त्याने मनाचा तोल जाऊ नये, आणि तो स्थळ, काळ व माणसे यांना साजेसा असावा. आमची त्या रात्रीची चूक या तिसऱ्या अटीत नेमकी सापडते. मातीत दोष नव्हता, वेळेत होता.

आता त्या तरुणाकडे वळू, कारण त्याच्यावरही अन्याय होता कामा नये आणि त्याची भलामणही होता कामा नये. त्याचा राग खरा होता. पण पुढील काही महिने आम्ही त्याला पाहत होतो. सकाळी उठल्यापासून रात्री डोळा लागेपर्यंत तो मोबाईलवर दिसे. या बाजूचा संदेश त्या गटात, त्या बाजूचे व्यंगचित्र या गटात, मध्येच एखादी शिवी, मध्येच एखादा जयजयकार. आपण समाजासाठी काही करीत आहोत असे त्याला मनापासून वाटे. परंतु अंतरवालीला तो एकदाही गेला नाही. आपल्या गावच्या ग्रामसभेतही बसला नाही.

२६ फेब्रुवारी २०२४ रोजी अंबड तालुक्यात संचारबंदी लागली आणि जालना जिल्ह्यात इंटरनेट बंद झाले. उपवासकाळाचा तो सोमवार होता. आमच्या गावी संचारबंदी नव्हती. दुपारी तो तरुण चर्चच्या ओट्यावर येऊन बसला. म्हणाला, "फादर, हात रिकामे रिकामे वाटतात." आम्ही काही उपदेश केला नाही, पेटीचा भाता फाटला होता, तो त्याच्यापुढे ठेवला. सरस लावून, चामडे चिकटवून, ते वाळण्याची वाट पाहत तो संध्याकाळपर्यंत बसला. घाईने पहिली पट्टी उचलली तेव्हा ती निघून आली. पुन्हा लावावी लागली.

तेव्हा आम्हांस जे उमगले ते असे. आम्ही समजत होतो की आमचा तो छंद आणि त्याचे ते राजकारण. वास्तविक त्याचे राजकारणही एक छंदच होऊन बसले होते, आणि तोही असा की ज्यात हाताला काही लागत नाही. माती घाई केली की तडकते. चामडे वाळल्याशिवाय धरत नाही. बेसूर पेटी कितीही जोराने दाबली तरी सुरात येत नाही. खरा छंद माणसाला पदोपदी सांगतो की जग तुझ्या मर्जीने चालत नाही, थांब, ऐक, पुन्हा कर. दुसऱ्याचा संदेश पुढे ढकलताना असा अडथळा कोठेच येत नाही. म्हणून त्यातून शहाणपणही येत नाही. दिवसभर संतापून माणूस रात्री दमून निजतो आणि आपण कर्तव्य केले असे समजतो. आमोसाचे हस्तिदंती पलंग आज वेगळ्या आकाराचे झाले आहेत. ते आता खिशात मावतात.

याचा अर्थ राजकारण सोडून द्यावे असा मुळीच नाही. द्वितीय व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ साली आजच्या जगातील ख्रिस्तसभेविषयीच्या आपल्या संविधानात राजकारण ही अवघड तरीही थोर कला असल्याचे म्हटले आहे आणि ज्यांना ती साधेल त्यांनी तिची तयारी करावी असे आवाहन केले आहे. आपल्याच घनसावंगी तालुक्यातील जांब येथे जन्मलेल्या समर्थ रामदासांनीही दासबोधात हरिकथेच्या पाठोपाठ राजकारणाला स्थान दिले, आणि त्याच्या पाठोपाठ सावधपणाला. तो तिसरा शब्द आपण नेहमी विसरतो.

सावधपणा म्हणजे आधी समजून घेणे. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्या काळच्या सरकारी दप्तरांत ज्यांच्या पूर्वजांची नोंद कुणबी अशी आहे त्यांना तसे प्रमाणपत्र मिळावे, ही या आंदोलनातील एक मुख्य मागणी. आपल्या वाट्याच्या भाकरीत नवा वाटेकरी येईल, ही इतर मागासवर्गीयांची भीती. २ सप्टेंबर २०२५ रोजी शासनाने हैदराबाद गॅझेटसंबंधीचा निर्णय काढल्यावरही मागणी आणि भीती या दोन्ही बोलत्याच राहिल्या. यात कोणाचा पक्ष न्याय्य हे ठरविणे न्यायालयाचे व विधिमंडळाचे काम आहे. या लेखाचे नव्हे. परंतु कागदाच्या एका तुकड्याची किंमत आपणा ख्रिस्ती कुटुंबांना कोणी शिकविण्याची गरज नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध बांधव त्यात आले. धर्मांतरित ख्रिस्ती मात्र बाहेरच राहिले. २०२२ साली केंद्र शासनाने या प्रश्नासाठी न्यायमूर्ती के. जी. बालकृष्णन यांचा आयोग नेमला. ज्यांच्या घरात आजोबांपासून हा प्रश्न जेवणाच्या ताटाशी बसलेला आहे, त्यांनी तरी शेजाऱ्याच्या मागणीला हसू नये आणि दुसऱ्या शेजाऱ्याच्या भीतीलाही हसू नये.

हे लिहिणे सोपे आहे. जून २०२४ मध्ये अंतरवालीपासून जवळच असलेल्या वडीगोद्री येथे इतर मागासवर्गीयांच्या बाजूने श्री. लक्ष्मण हाके व श्री. नवनाथ वाघमारे यांनी उपोषण केले, आणि त्याचा आघात आमच्या सतरंजीपर्यंत येऊन पोहोचला. आमच्या भजनी मंडळात सारेच ख्रिस्ती नाहीत. तबलजी मराठ्याच्या घरचा, टाळ धरणारा माळ्याच्या घरचा. पेटी आमच्या धर्मशिक्षकाची. वीस वर्षे तिघे एका सतरंजीवर बसत. नाताळला ते आमच्याकडे येत, सप्ताहात आमचा धर्मशिक्षक त्यांच्याकडे जाई. जूनपासून टाळकरी येईनासा झाला. पंधरा दिवसांनी तबलजीही. भांडण असे काही झालेच नव्हते. एकाच्या मुलाने पाठविलेला एक संदेश दुसऱ्याच्या मुलाने वाचला होता, इतकेच.

रिकाम्या सतरंजीकडे पाहताना त्या तरुणाच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस प्रथमच स्पष्ट दिसले. गाव पेटले असता गाणे गावे काय? गाव पेटू नये म्हणूनच तर गाणे होते! ती पेटी, तो तबला, तो टाळ हा राजकारणापासून पळून जाण्याचा आडोसा नव्हता. मतपेटीत वेगळे मत टाकणाऱ्या तीन माणसांना एका तालावर यावे लागे अशी गावातील ती एकच जागा होती. समेवर येताना कोणी कोणाची जात पाहत नव्हता. पाहिली असती तर सम चुकली असती. अशी जागा गेली की मग शेजाऱ्याविषयी आपल्याला जे कळते ते केवळ मोबाईलवरून कळते.

आम्ही दोन्ही घरी गेलो. या वेळी रात्रीच गेलो. टाळकरी २०२४ च्या नाताळात परत आला. थोडा दूर बसतो, पण येतो. तबलजी अजून आलेला नाही. त्याचा तबला गवसणीत घालून आम्ही जपून ठेवला आहे आणि पावसाळ्यात त्याला ऊन दाखवितो. तो येईल किंवा येणारही नाही. या लेखाला गोड शेवट द्यावा म्हणून आम्ही खोटे लिहिणार नाही.

तेव्हा आपल्या कुटुंबांनी काय करावे? मुलांचा छंद मोडू नका. गाणाऱ्याला गाऊ द्या, विणणारीला विणू द्या. वर्तमानपत्र वाचावे, तेही दोन्ही बाजूंचे. मतदान आणि ग्रामसभा चुकवू नये. आणि छंदाला बसण्यापूर्वी स्वतःला तीन गोष्टी विचाराव्यात. माझ्या हाती असलेले एखादे काम मी यासाठी टाळतो आहे काय? यातून मी शेजाऱ्याच्या जवळ जातो की त्याच्यापासून दूर? आणि कोणी हाक मारली तर मी अर्ध्यावरून उठू शकेन काय? तिसऱ्याचे उत्तर होय असेल तर खुशाल बसावे.

१४ सप्टेंबर २०२३ रोजी मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांच्या हस्ते अंतरवालीतील ते उपोषण सुटले. योगायोग असा की त्याच दिवशी पोळा होता आणि त्याच दिवशी पवित्र क्रूसाच्या विजयाचा सणही होता. ऑगस्ट कोरडा गेला होता, सोयाबीन माना टाकून उभे होते. तरी आमच्या अंगणात पोरे मातीचे बैल करावयास जमली. त्यांत त्या सुजलेल्या हाताच्या मुलाचा धाकटा भाऊही होता. त्याने आमच्याकडून माती मागून घेतली. बैल झाल्यावर रांजणातून तांब्याभर पाणी घेतले, हात धुतले आणि आईला दाखवावयास धावत सुटला.

आम्ही पाहत राहिलो. हातावरची माती निघावयास केवढा वेळ लागतो? तांब्याभर पाण्याचा. पिलातानेही हात धुतले होते. परंतु ते जबाबदारी झटकण्यासाठी. हात धुवून उठणे आणि हात धुवून मोकळे होणे यांत जे अंतर आहे, त्यातच आमच्या या प्रश्नाचे उत्तर आहे. तो मेंढपाळ अजून आमच्या कपाटात अर्धवट आहे. गव्हाणीत आम्ही तो मांडलेला नाही. पण कामाला बसताना समोर मात्र ठेवतो. शेजारी पाण्याचा तांब्याही असतो.